पोलिसांच्या गाडीला वेगमर्यादा नसते का?

प्रश्न: साडेतीन महिन्यांपूर्वी रात्री अकराच्या सुमारास हिरव्या सिग्नलवर मी दुचाकीने चौक ओलांडत होतो. डावीकडून पोलिसांची जीप लाल सिग्नल तोडून भरधाव आली आणि मला धडकली. वरचा दिवा चालू होता, सायरन बंद होता. मांडीचं हाड मोडलं, रॉड घालावा लागला, अडीच महिने काम बुडालं. पोलिस ठाण्यात सांगतात, ‘ड्युटीवरच्या गाडीला वेगमर्यादा लागू नसते.’ माझ्या तक्रारीची फक्त स्टेशन डायरीला नोंद झाली. उलट आपत्कालीन वाहनाला वाट न दिल्याचं ई-चलान मलाच आलं आहे. ‘मिटवून टाका’ असे निरोप येत आहेत. मी काय करावं?

उत्तर: तुम्हाला ठाण्यात जे सांगितलं, तसं कायद्यात नाही. वेगमर्यादा मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 112 मध्ये आहे. त्या कलमातली सूट फक्त लष्करी सरावात वापरल्या जाणाऱ्या, कलम 60 खाली नोंदलेल्या वाहनांना आहे. पोलिसांना मुभा मिळते ती 2017 च्या वाहनचालन विनियमांतून, आणि तीही अटींवर: काम खरोखर तातडीचं हवं, सायरन आणि लुकलुकता दिवा दोन्ही चालू हवेत, आणि चालकाने पुरेशी काळजी घेतलेली हवी. या अटी पाळल्या तर वेगमर्यादा ओलांडता येते, लाल सिग्नलही पार करता येतो. ही मुभा असायलाच हवी. कोणाच्या जिवावर बेतलेलं असताना पोलिसांनी सिग्नलला थांबून राहावं असं कोणी म्हणणार नाही. पण गाडी ड्युटीवर असणं वेगळं आणि तातडीच्या कामावर असणं वेगळं. शिवाय रात्री चौकात आडव्या रस्त्याने येणाऱ्याला इमारतींमुळे दिवा दिसत नाही, त्याला सावध करतो तो सायरनच. तो बंद ठेवून लाल सिग्नल तोडणं हा साधा निष्काळजीपणा आहे.

आता सर्वांत निकडीची गोष्ट. कलम 166(3) प्रमाणे नुकसानभरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दाखल करायचा असतो. तुमच्याकडे अडीच महिने उरले आहेत. गुन्हा दाखल होण्याची वाट पाहत बसू नका. दावा त्यावर अडत नाही. अपघात झाला तिथल्या किंवा तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणात अर्ज चालतो. प्रतिवादी करा चालकाला आणि राज्य शासनाला, म्हणजे गृह विभाग आणि संबंधित पोलिस अधीक्षक किंवा आयुक्त यांना. शासनाच्या वाहनांना कलम 146 खाली विम्यातून सूट मिळू शकते, त्यामुळे विमा कंपनी सापडली नाही तरी घाबरू नका, भरपाई शासनाने द्यायची असते. ‘सार्वभौम काम होतं, म्हणजे फक्त राज्यसत्ताच करते असं काम, म्हणून शासन जबाबदार नाही’ असा बचाव येऊ शकतो. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा 1962 चा राजस्थान राज्य विरुद्ध विद्यावती हा निकाल दाखवा. दुरुस्तीहून परत येणाऱ्या सरकारी जीपने पादचाऱ्याला उडवलं होतं आणि राज्याला भरपाई द्यावी लागली.

चूक सिद्ध न करताही कलम 164 खाली गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळू शकतात, आणि हाड मोडणं कायद्याने गंभीर दुखापतच आहे. पण ती रक्कम स्वीकारली की कलम 166 चा दावा संपतो. रॉड काढण्याचं ऑपरेशन, बुडालेली कमाई, पायात राहिलेलं अधूपण हे सगळं धरलं तर 166 चा दावा बहुधा मोठा होईल, म्हणून हिशेब केल्याशिवाय 164 कडे वळू नका.

पुराव्यात खरी मदार गाडीच्या लॉगबुकवर आहे. गाडी किती वाजता निघाली, कशासाठी, मीटरवर किती किलोमीटर होते, हे त्यात लिहिलेलं असतं. माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून अपघाताच्या दिवशीची लॉगबुकची पानं, स्टेशन डायरीतल्या नोंदी आणि त्या तासात 112 या आपत्कालीन फोन क्रमांकावर आलेल्या कॉलची फक्त वेळ व प्रकार मागा. कॉल करणाऱ्याचं नाव मागितलंत की खाजगी माहिती म्हणून अर्ज फेटाळला जातो. त्या वेळी कोणताही कॉल नसेल तर तातडीचा बचाव तिथेच लंगडा पडतो. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा. चौकातल्या कॅमेऱ्याचं चित्रण इतक्या दिवसांनी पुसलं गेलं असण्याची भीती आहे, तरी वाहतूक नियंत्रण कक्षाला आजच लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. न्यायाधिकरणामार्फत मागवायचं झालं तर हेच पत्र कामी येतं. रुग्णालयातून एमएलसीची (अपघाताच्या जखमींची रुग्णालय पोलिसांसाठी करतं ती वैद्यकीय नोंद) प्रत, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि बिलं घ्या. मालकाकडून बिनपगारी रजेचा दाखला घ्या.

गुन्हा नोंदवायला ठाणं तयार नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) खाली पोलिस अधीक्षकांना रजिस्टर्ड पोस्टाने तक्रार पाठवा. त्यानंतरही हालचाल नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. चालक सरकारी नोकर असल्याने कलम 175(4) प्रमाणे आधी वरिष्ठांचा अहवाल मागवला जाईल, त्यात वेळ जातो. लावायची कलमं भारतीय न्याय संहितेतली 281 (बेदरकारपणे वाहन चालवणं) आणि 125(ब) (निष्काळजी कृत्याने गंभीर दुखापत). मोटार वाहन कायद्याच्या कलम 210ब कडेही लक्ष वेधा: कायदा राबवणाऱ्या यंत्रणेनेच तो मोडला तर दंड दुप्पट होतो. तो दंड तुम्हाला मिळत नाही, पण ‘आम्हाला नियम लागू नाही’ या म्हणण्याला संसदेने दिलेलं हे उत्तर आहे.

ई-चलान ऑनलाइन भरू नका. भरलंत की तुम्ही चूक कबूल केली असं पुढे मांडलं जाईल. कलम 194ई च्या त्या चलानाला लेखी हरकत घ्या, गरज पडली तर न्यायालयात लढा: सायरन नव्हता आणि तुमचा सिग्नल हिरवा होता. हेल्मेट आणि लायसन्स होतं का, हे वकिलांना खरं सांगा. डोक्याला मार नसेल तर हेल्मेटच्या मुद्द्यावर भरपाई कापायला फारसा आधार राहत नाही.

तडजोडीचा निरोप आला की एवढंच सांगा, जे काही ठरेल ते न्यायाधिकरणासमोर किंवा लोकअदालतीत, शासनाच्या सहीने. चालकाच्या खिशातून पैसे घेऊन ‘तक्रार नाही’ असा जबाब देऊ नका. तोच जबाब उद्या तुमच्या दाव्याविरुद्ध वापरला जाईल.