रोमन दिव्यावरचं पुसट चित्र: झीज की नक्कल?

तुम्ही विचारलंय की संग्रहालयातल्या दोन रोमन दिव्यांवर एकच चित्र आहे, ग्रीक पुराणकथेतला शिकारी आक्टायॉन याच्यावर त्याचेच कुत्रे तुटून पडलेत, मग एक रेखीव आणि दुसरा पुसट का? आणि हे दिवे पूजेचे होते का?

पुसट दिवा वापरून झिजलेला असेलच असं नाही. झीज उंचवट्यांवर होते. तिथला मातीचा पातळ लेप उडतो, पण खोलगट रेषा स्पष्ट राहतात. लेप शाबूत आणि चित्र मात्र सगळीकडे सारखंच मऊ असेल, तर ती नक्कल समजा. कारागीर मातीचा एक मूळ नमुना घडवत, त्यावरून वरचा आणि खालचा असे दोन साचे काढत आणि साच्यांत दाबलेले अर्धे भाग ओले असतानाच जोडत. तेल ओतायचं भोक नंतर हाताने पाडत. निष्काळजी हाताचं भोक थेट आकृतीतून गेलेलं दिसतं. मूळ नमुना हाती नसला, की बाजारातला तयार दिवाच दाबून नवा साचा करत. माती वाळताना आणि भाजताना आकसते, त्यामुळे प्रत्येक नकलेत दिवा लहान होतो आणि बारकावे हरवतात. म्हणून दोन्हींची लांबी आधी बघा. मला स्वतःला हे पुसट दिवेच जास्त मोलाचे वाटतात, कारण कोणतं चित्र किती दूर पोचलं ते त्यांच्यावरून कळतं. चित्रांचंच नव्हे, तळावरच्या कारागिराच्या नावाच्या शिक्क्यांचंही तेच. उत्तर इटलीतल्या मोदेना इथल्या ‘फॉर्टिस’ या दिवे बनवणाऱ्याचा शिक्का प्रांतोप्रांती नकलांवर उमटलेला आहे, त्यामुळे नुसत्या शिक्क्यावरून गाव ठरवू नका.

आता पूजेचं. देवळांत आणि थडग्यांत दिवे वाहत हे खरं, पण तशीच पुराणकथांची चित्रं स्वित्झर्लंडमधल्या विंडोनिसा या रोमन सैनिकी छावणीच्या कचऱ्यातही सापडली. तिथल्याच दिव्यांवरून जर्मन पुरातत्त्वज्ञ लोश्केने 1919 साली केलेलं वर्गीकरण आजही वापरात आहे. लीडा आणि हंसाच्या रूपातला झ्यूस, मेंढ्याच्या पोटाखाली लपलेला ग्रीक वीर ओडिसियस, शेजारी ग्लॅडिएटर, रथशर्यत, शृंगारदृश्य: सगळं एकाच दुकानात मिळायचं. आक्टायॉन दिव्यावर आहे, एवढ्यावरून तो दिवा पूजेचा ठरत नाही. भक्तीचा दिवा वेगळा ओळखू येतो. इटलीतल्या पुत्सुओलीजवळ समुद्रात सापडलेला, आता ब्रिटिश म्युझियममध्ये असलेला नावेच्या आकाराचा मोठा दिवा बघा. त्यावर इसिस आणि सेरापिस हे इजिप्तमधून आलेले देव आहेत आणि ग्रीकमध्ये सुखरूप प्रवासाची शुभेच्छा कोरली आहे.

तळाचे फोटो असतील तर टाका. अक्षरं उठावाची आहेत की नंतर कोरलेली, त्यावरून पुढचं सांगता येईल.