अंदाजात 'पावसाची शक्यता ४० टक्के' म्हणजे दिवसाचा ४० टक्के वेळ पाऊस पडणार का?

नाही, त्या आकड्याचा पावसाच्या वेळेशी किंवा जोराशी संबंध नसतो. तुमच्या ठिकाणी दिलेल्या मुदतीत मोजता येण्याइतका पाऊस पडण्याची शक्यता १०० पैकी ४० आहे, एवढंच तो सांगतो. हवेची सुरुवातीची स्थिती किंचित बदलून संगणकावर तेच गणित अनेकदा चालवतात (युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या अंदाज केंद्रात एका वेळी ५१ अंदाज काढतात) आणि त्यांपैकी कितींत पाऊस दिसतो, यावरून टक्केवारी काढली जाते. फक्त मुदत आधी बघा, लोक नेमके इथेच फसतात: तासातासाला ३० टक्के दाखवत असेल, तर दिवसभरात कधीतरी भिजण्याची शक्यता त्याहून बरीच जास्त असू शकते.