चौकशी खिडकी : एक कोटी माणसं आणि 44 सीटची गाडी

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. पंचवटीत आमचं जुनं बैठं घर आहे. 2027च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात पर्वणीच्या, म्हणजे मोठ्या स्नानाच्या, एकेका दिवशी कोटी कोटी माणूस येणार, गंगाघाटाजवळ ज्याच्याकडे खोली त्याचं सोनं, असं जो तो सांगतोय. आमचे हे 12 लाखांचं कर्ज काढून वर चार खोल्या चढवायच्या म्हणतात. मी शंका काढली तर सासूबाई म्हणाल्या, ‘देवाच्या कामात हिशेब नको.’ माझं चुकतंय का?
– एक गृहिणी, पंचवटी

उत्तर : ताई, देवाच्या कामात हिशेब नसेलही, पण बँक तो दर महिन्याला मागते. सासूबाईंना एवढं हळूच सांगा. जेवणं झाल्यावर सांगा.

आता त्या कोटीचं बघू. माझी 34 वर्षं एसटीत गेली. त्यातली बरीचशी वाहतूक नियंत्रक म्हणून, चौकशीच्या खिडकीमागे. 1991, 2003 आणि 2015 असे तीन सिंहस्थ ड्यूटीवर काढले. त्यामुळे कुणी ‘एका दिवसात एक कोटी’ म्हणालं की माझं डोकं आपसूक सीटा मोजायला लागतं. 44 सीटची गाडी धरा. कोटीला 44ने भागलं तर सव्वादोन लाखांच्या वर फेऱ्या होतात. दिवसाच्या 1440 मिनिटांत त्या वाटल्या, तर दर मिनिटाला दीडशेहून जास्त गाड्या नाशकात शिरायला हव्यात. बरं, निम्मी माणसं रेल्वेने, मोटारीने, पायी आली म्हणा. उरलेल्या निम्म्यांना गाडीत दुपटीने कोंबा, टपावरसुद्धा बसवा. तरी मिनिटाला अडतीस-चाळीस गाड्या, त्याही रात्रीच्या तीन वाजता. द्वारका चौकातून एक गाडी वेळेत काढताना आमच्या ड्रायव्हरांच्या तोंडून जे शब्द निघायचे, ते इथे छापता यायचे नाहीत.

असले आकडे कसे जन्माला येतात ते मी जवळून पाहिलंय. 1991 साली सलग दुसऱ्या पाळीत बसलो होतो. एका वार्ताहराने खिडकीतून डोकं घालून विचारलं, ‘किती आले हो आज?’ रजिस्टर समोरच होतं, पण उघडायचा कंटाळा केला. म्हणालो, ‘असतील लाखभर.’ दुसऱ्या दिवशी छापून आलं, ‘अधिकृत सूत्रांनुसार दीड लाख’. सूत्र म्हणजे मी! नंतर रजिस्टर काढून फेऱ्या मोजल्या, तर आमच्या स्टँडवरून लाखाच्या निम्मेही उतरले नव्हते. मी कुणाला सांगायला गेलो नाही. छापून आल्याचा आनंदच झाला होता, खोटं कशाला बोलू?

2015ला तऱ्हा वेगळी. लोकांच्या गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळावर थांबवायच्या आणि तिथून एसटीने आत आणायचं. आता बघा, एक माणूस आत आला आणि आंघोळ करून परत वाहनतळावर गेला. आमच्या कागदावर प्रवासी दोन, नदीत उतरलेला एक. तोच माणूस 29 ऑगस्टला आला, 13 सप्टेंबरला आला आणि 18 सप्टेंबरलाही आला, तर तिन्ही पर्वण्यांच्या बेरजेत तो तीन भाविक झाला. यात कुणी लबाडी केली असं नाही. ‘प्रवासी’ हा शब्द पुढच्या टेबलावर ‘भाविक’ होतो आणि त्याच्यापुढच्या टेबलावर ‘लोक’, इतकंच.

आपल्या नाशिककरांकडे खरं तर मोजायची चांगली सवय आहे. गोदेला पूर आला की आपण ‘भयंकर पूर’ म्हणून थांबत नाही. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, असं सांगतो. ज्याला खोटं वाटेल त्याने पुलावर जाऊन बघावं. गर्दीचा आकडा सांगणाऱ्याला एवढंच विचारायचं, तुमचा मारुती कुठला? कुठे उभं राहून, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, काय मोजलंत?

यावर लगेच कुणी म्हणेल, काका नास्तिक दिसतात. मी दर सोमवारी कपालेश्वराला जातो. आणि 27 ऑगस्ट 2003ला काळाराम मंदिराकडून रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद गल्लीत चेंगराचेंगरी होऊन 39 माणसं गेली, तेव्हाही मी ड्यूटीवर होतो. त्या संध्याकाळी परतीच्या गाड्यांतून एरवीचा गलका नव्हता. किती माणसं, कुठल्या रस्त्याने, किती वाजता, हा हिशेब भक्तीत बसत नसेल तर कशात बसतो?

राहिलं कर्ज. 12 लाख, 10 टक्क्यांनी, सात वर्षांसाठी, म्हणजे महिन्याला साधारण 20 हजारांचा हप्ता. असे हप्ते 84, आणि पर्वण्या तीन. एरवीही भाविक येतील, सिंहस्थ वर्षाहून जास्त चालतो, ते धरा. पण पर्वणीच्या दिवशी बॅरिकेड कुठे लागतील आणि गिऱ्हाईक तुमच्या दारापर्यंत पोचेल की नाही, ते आज कुणालाच ठाऊक नाही. 2015ला आमच्या मेहुणीने खोल्या रंगवून ठेवल्या होत्या. आगाऊ पैसे दिलेलं सुरतेचं कुटुंब बाहेरच्या वाहनतळावरून फोन करत राहिलं, ‘अजून किती चालायचं?’ शेवटी तिकडूनच परत फिरलं. मेहुणीने पैसे परत केले, रंगाचं बिल राहिलं.

म्हणून सिंहस्थ विसरून बघा. कॉलेजची मुलं, नोकरदार, असे साधे भाडेकरू ठेवून त्या चार खोल्यांतून हप्ता निघत असेल तर खुशाल बांधा. निघत नसेल तर नकाशा कपाटात राहू द्या. यजमानांना शेजाऱ्यांचं ऐकवू नका, बँकेत पाठवून हप्त्याचा तक्ता आणायला सांगा.

प्रश्न : आमच्या ग्रुपवर सारखं फिरतं, ‘शेतकऱ्याला कांद्याचे 10 रुपये, शहरात 40, मधले 30 दलालाच्या खिशात.’ खरं किती?
– एक विद्यार्थी, निफाड

उत्तर : निफाडचा पोरगा हे मला विचारतो! घरच्यांना विचार, 10 कुठल्या महिन्याचे आणि 40 कुठल्या? उन्हाळ कांदा मार्च-एप्रिल-मेमध्ये निघतो, मग कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडमध्ये, पडतो. तिथे वजन घटतं, काही सडतो, काहीला कोंब फुटतात. मेचा भाव आणि ऑक्टोबरचा भाव एका चित्रात शेजारी मांडले की मधला फरक सगळा चोरीचा दिसतो. व्यापारी संत आहेत असं नाही, लिलावात काय चालतं ते तुझ्या बापाला माझ्याहून जास्त ठाऊक. पण 8 डिसेंबर 2023 पासून कांद्याची निर्यातबंदी लागली आणि लासलगावात भाव कोसळले, तेव्हा तो निर्णय दिल्लीतून आला होता. त्या चित्रात दिल्ली कुठेच नसते.

घरात कांदा विकल्याच्या जुन्या हिशेबपट्ट्या असतील. मेची एक काढ, त्याच आठवड्यातला नाशिकच्या भाजीबाजारातला भाव शोध, आणि दोन्ही मला पाठव.