पट, फासे आणि सासरेबुवा

प्रश्न : माझा नऊ वर्षांचा मुलगा बुद्धिबळ चांगला खेळतो. पुढच्या महिन्यात त्याची पहिली स्पर्धा आहे. प्रवेश फी भरायची, जिंकलं तर रोख बक्षीस. सासरे म्हणतात, ‘पैसे भरून पट मांडायचा म्हणजे द्यूतच. धर्माला मान्य नाही.’ नवरा गप्प. मामंजींचा मान राखून काय सांगू? – एक सून

उत्तर : सूनबाई, मी आयुष्यभर संस्कृत शिकवलं आणि त्याहून जास्त वर्षं बुद्धिबळात हरत आले, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलते. तुमचे सासरे उगाच हट्ट करत नाहीत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अक्षसूक्त आहे, हरलेल्या जुगाऱ्याचं गाऱ्हाणं. बायको दूर लोटते, सासू द्वेष करते (सासऱ्यांचा उल्लेख नाही, बरं का), आणि शेवटी त्याला सांगितलं जातं, ‘फासे खेळू नकोस, शेतीच कर.’ मनुस्मृती तर राजाला द्यूत राज्यातून हद्दपार करायला सांगते. कौटिल्य व्यवहारी. त्याने द्यूतावर अध्यक्षच नेमला आणि जिंकलेल्या रकमेवर शेकडा पाच वसूल करायला सांगितलं.

पण या सगळ्यांचा राग फाशांवर आणि पणावर आहे. बुद्धिबळात फासे नाहीत. हा बचाव जुनाच आहे म्हणा. अकराव्या शतकात फ्लॉरेन्सचा एक बिशप बुद्धिबळ खेळताना सापडला. तो म्हणाला, मनाई फाशांना आहे, हा खेळ वेगळा. पीटर डेमियन या कडक धर्मगुरूने ते मुळीच ऐकलं नाही. प्रायश्चित्त दिलं : बायबलमधली स्तोत्रसंहिता तीनदा म्हणायची आणि बारा गरिबांचे पाय धुवायचे.

इस्लाममध्येही हा वाद शतकानुशतकं चालू आहे. नर्द या फाशांच्या खेळावर हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांमध्ये, कडक शब्द आहेत, बुद्धिबळावर मात्र पंडितांचं एकमत नाही. इराणमध्ये 1979च्या क्रांतीनंतर बुद्धिबळावर बंदी आली आणि 1988 साली क्रांतीचे नेते खोमेनी यांनीच, जुगार नसेल तर चालेल, म्हणून मोकळीक दिली. सौदी अरेबियाच्या मुख्य मुफ्तींनी या खेळाला वेळेचा आणि पैशाचा अपव्यय म्हटल्याची बातमी जानेवारी 2016मध्ये गाजली. पुढच्याच वर्षी डिसेंबरात रियाधमध्ये जागतिक जलद स्पर्धा झाली आणि ती जिंकली आपल्या विश्वनाथन आनंदने!

तेव्हा मामंजींशी ‘बुद्धिबळ म्हणजे द्यूत नव्हे’ असा वाद घालू नका. त्यांनी नेमकं पैशावर बोट ठेवलंय, तिथेच उत्तर शोधा. आयोजकांना फोन करून विचारा : बक्षीस मुलांच्या फीमधून देता की बाहेरून कुणी देतं? बाहेरून येत असेल, तर मुलांनी काहीच पणाला लावलेलं नाही. फी जागेची आणि पंचांची. फीच गोळा करून विजेत्याच्या हातात देत असतील, तर मला स्वतःला मामंजींचं म्हणणं पटेल. अशा वेळी फक्त चषक असलेली स्पर्धा शोधा. चौकशी मात्र नवऱ्याला करायला लावा. गप्प बसायची सोय त्यांना कशाला?

एका आक्षेपावर माझ्याकडे उत्तर नाही : हा खेळ माणसाला देवापुढेही सोडत नाही. माझे वडील संध्याकाळी अर्धा डाव तसाच ठेवून जपाला बसत. सोंगट्यांना हात लावायचा नाही, अशी मला ताकीद. मी दहा-अकरा वर्षांची असेन. एकदा डोकावून पाहिलं तर डोळे मिटलेले, माळ उजव्या हातात, आणि डाव्या हाताचं बोट मांडीवर सरकतंय. दोन घरं पुढे, एक बाजूला. पुन्हा दोन पुढे, एक बाजूला.

जप संपवून ते आले, बसायच्या आधीच घोडा उचलला, आणि चौथ्या चालीत माझ्यावर मात झाली. मी रडत आईकडे तक्रार नेली की बाबांनी देवासमोर बसून चाल शोधली. आईने त्यांना पुन्हा एक माळ जपायला बसवलं. त्या वेळी पट तिने स्वयंपाकघरात नेऊन ठेवला होता.