स्टिकर कोलनागोचा, आटे कुणाचे?

प्रश्न (पुणे): जुन्या बाजारातून एका रेसर सायकलची फ्रेम घेतली. लाल रंग नव्यानं मारलेला, खालच्या नळीवर ‘कोलनागो’ या इटालियन कंपनीचा स्टिकर, मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) कॅम्पान्योलोचा, तीही इटालियन. बॉटम ब्रॅकेटचा (पेडलच्या आसाच्या बेअरिंगचा) बाजारात सहज मिळणारा कप डावीकडून दोन-तीन फेरे जातो आणि अडकतो. उजवीकडे तर आटे धरतच नाहीत. मिस्त्री म्हणतात, टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून घेऊ. फ्रेम इटालियन आहे ना?

उत्तर: आधी टॅप थांबवा. फ्रेम कुठली हे ओळखण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा त्या आट्यांतच आहे आणि टॅप फिरला की तोच जाईल.

तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरूनच बराच निकाल लागतो. तुमचा कप इंग्रजी मापाचा आहे: व्यास 1.37 इंच, म्हणजे 34.8 मि.मी., इंचाला 24 आटे, उजव्या बाजूचे आटे उलटे. इटालियन शेलचं (फ्रेमची आडवी नळी, जिच्यात कप बसतो) माप 36 मि.मी., आटे इंचाला 24 आणि दोन्हीकडे सुलटे. फ्रेम इटालियन असती तर तुमचा कप आट्यांत न शिरता नुसता खुळखुळला असता. तो शिरतोय आणि मग अडकतोय, म्हणजे व्यास जवळपास तोच आहे, पण आट्यांमधलं अंतर वेगळं. हे फ्रेंच माप झालं: 35 मि.मी. व्यास, दर आट्याला 1 मि.मी. इंग्रजी आटा 1.058 मि.मी.चा असतो. दहा फेऱ्यांत अर्ध्या मि.मी.हून जास्त फरक साचतो, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या फेऱ्यालाच कप आवळून बसतो. उजवीकडे तुमचा उलट्या आट्यांचा कप धरत नाही, कारण फ्रेंच शेलला दोन्हीकडे सुलटेच आटे असतात. स्विस माप फ्रेंचसारखंच, पण उजवीकडे उलटे आटे. फ्रेम तशी असती तर उजवीकडेही एखाददुसरा फेरा गेला असता. (मोटोबेकान या फ्रेंच कंपनीनं काही काळ स्विस आटे वापरले, म्हणून हा भेद लक्षात असू द्या.)

खात्री करायची तर कागदाची पट्टी शेलच्या आत दाबून पेन्सिलीनं आटे उमटवा. 20 मि.मी.त पूर्ण 20 रेघा आल्या तर फ्रेंच, जेमतेम 19 आल्या तर इंचाचे आटे. शेलची रुंदीही मोजा. फ्रेंच आणि इंग्रजी 68 मि.मी., इटालियन 70. मात्र फक्त रुंदीवर विसंबू नका. कडा घासून सरळ करताना अर्धा मि.मी. सहज जातो.

आता व्हर्निअर कॅलिपर नळ्यांवर लावा. इंग्रजी आणि इटालियन फ्रेमची वरची नळी 25.4 मि.मी., खालची आणि सीटची नळी 28.6. फ्रेंच फ्रेमची वरची 26, बाकी दोन्ही 28. रंगामुळे माप वाढतंच, कमी कधीच होत नाही. म्हणून वरच्या नळीवर फार भरवसा ठेवू नका, रंग चढलेली 25.4ची नळीही 26च्या जवळ जाऊ शकते. खालची नळी मात्र रंगासकट 28.2 भरली तर ती 28.6ची असूच शकत नाही. सीट पोस्टवर कोरलेला आकडाही बघा. फ्रेंच मापाच्या रेनॉल्ड्स 531 (इंग्लंडच्या कंपनीची पोलादी नळी) नळीत बहुधा 26.4चा पोस्ट लागतो, कोलंबस एसएल या इटालियन नळीत 27.2चा. सीटजवळच्या लगचे (नळ्या जोडणाऱ्या बाहीचे) दोन कान एकमेकांना चिकटले असतील तर आधीच्या कुणीतरी बारीक पोस्ट आवळून बसवलाय, अशा वेळी त्या आकड्याला अर्थ नाही. हँडलच्या स्टेमची दांडी फ्रेंच चिमट्यात (पुढच्या फोर्कमध्ये) 22.0 मि.मी., इतरांकडे 22.2. दांडीवर पॉलिश पेपरचे ओरखडे दिसले तर 22.2ची दांडी घासून कोंबलेली आहे, हे नक्की.

कोलनागोचं म्हणाल, तर सत्तरच्या दशकापासूनच्या त्यांच्या फ्रेमवर चिमट्याच्या माथ्यावर, लगवर किंवा शेलच्या खाली तिपानी फुलाची खूण असते. धातूत कोरलेली किंवा आरपार कापलेली. ती रंगाखाली बुजते, पण टॉर्च तिरका धरला की कडा दिसतात. तुमच्या फ्रेमवर ती सापडेल असं वाटत नाही. स्टिकर कुठेही छापून मिळतो.

मग ही कुणाची? मागचे ड्रॉपआउट, म्हणजे मागच्या चाकाचा आस बसतो त्या खाचा, बघा. फ्रेंच सिम्प्लेक्स ड्रॉपआउटच्या डिरेलरच्या भोकात आटे नसायचे. त्यात कॅम्पान्योलोचा डिरेलर बसवायला भोकात 10 मि.मी., इंचाला 26 असे आटे पाडावे लागतात आणि अडणीची खाचही कानशीनं करावी लागते. भोकाजवळ कानस फिरल्याची खूण असेल तर डिरेलर मागाहून आलाय. रेनॉल्ड्स 531, नेर्वेक्स प्रोफेशनल लग आणि सिम्प्लेक्स ड्रॉपआउट हे तिन्ही एकत्र असतील तर पहिला संशय प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या पीएक्स-10 सायकलवर घ्या. नुसत्या नेर्वेक्स लगवरून देश ठरवू नका. ते फ्रान्समध्ये बनत, पण इंग्लंडचे कारागीर वापरत आणि अमेरिकेच्या श्विन पॅरामाउंटवरही असत.

दुरुस्तीसाठी जुने फ्रेंच कप शोधा, किंवा आट्यांविना आतून ताणून बसणारं कार्ट्रिज घ्या. आटे खरोखरच गेले असतील तर शेल मोठं करून 36 मि.मी.चे इटालियन आटे पाडता येतात, कारण तिथे नवा धातू उपलब्ध असतो. इंग्रजी टॅप मात्र नको. जवळपास त्याच व्यासावर वेगळ्या अंतराचे आटे पडले की जुने-नवे एकमेकांना कापतात आणि हातात भुसा उरतो.

प्रश्न (कोल्हापूर): घरात जुनी रॅले सायकल आहे. शेलखाली नंबर आहे, पण रंगाखाली अर्धा बुजलाय. इंग्लंडची की इथली?

उत्तर: पॉलिश पेपर घासू नका, नंबर उथळ असतो. पेंट रिमूव्हर लावून नायलॉनचा ब्रश फिरवा, वर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा. नंबर ‘एसबी’नं सुरू होत असेल तर नशीब काढलंत. रॅलेनं 1974 मध्ये इंग्लंडमधल्या इल्केस्टनला खास रेसिंग फ्रेमचा विभाग सुरू केला, ती त्यांची खूण. अशा फ्रेमला रेनॉल्ड्सची 531 किंवा 753 नळी हवी. पण आकड्यांआधी ‘एसबी’ ही दोन अक्षरं कुणीही ठोकू शकतं, म्हणून बाकी तपशील जुळतात का तेही पाहा. शेलचे आटे इंचाला 24 ऐवजी 26 निघाले आणि रुंदी 71 किंवा 76 मि.मी. भरली, तर ती नॉटिंगहॅमच्या कारखान्याची रोजच्या वापराची रॅले. आपल्याकडच्या अनेक रॅले आसनसोलच्या सेन-रॅलेच्या असतात. पुढच्या बिल्ल्यावरची अक्षरं नीट वाचा. तिथे इंडिया लिहिलेलं असेल तर पुढचा शोध वाचला.

प्रश्न (ठाणे): डिरेलरवर ‘पेटंट 78’ आहे. म्हणजे फ्रेम 1978ची ना?

उत्तर: नाही, ते वर्ष डिरेलरचं. सुटे भाग बदलतात, फ्रेम तीच राहते. फ्रेमचा अंदाज मागच्या ड्रॉपआउटमधल्या अंतरावरून घ्या: 120 मि.मी. म्हणजे मागच्या चाकावर पाच चकत्यांचा (दातेरी चाकांचा) काळ, 126 सहा-सात चकत्यांचा, 130 आठ चकत्यांचा. कुणी वाकवून रुंदावलं असेल तर दोन्ही बाजू सारख्या नसतात. फ्रेमच्या पुढच्या नळीवरून दोन्ही ड्रॉपआउटपर्यंत दोरा ताणून सीटच्या नळीपासूनचं अंतर दोन्हीकडे मोजा. मागचा ब्रेक ज्यावर बसतो तो आडवा पूल हा दुसरा दुवा. पाठीमागून साधा नट लागत असेल तर जुनी पद्धत, अ‍ॅलन नट आत बुडत असेल तर बहुधा ऐंशीच्या आसपास किंवा नंतर.

चिमटा काढलाच असेल तर त्याची दांडी खालून पाहा. कोलंबसच्या दांडीत पिळदार कडा दिसतात, बाहेर कधी कबुतराचा शिक्काही असतो. कोलंबसचीच एसएलएक्स नळी असेल तर शेलमधून पाहिल्यावर नळ्यांच्या आतही तशाच पिळाच्या कडा दिसतील. साध्या एसएलमध्ये त्या नळ्या आतून गुळगुळीत असतात.

प्रश्न (नागपूर): पावडर कोटिंग करायचंय. काही काळजी?

उत्तर: आधी प्रत्येक शिक्क्याचा, लगचा आणि ड्रॉपआउटचा जवळून फोटो काढा. पावडरचा थर जाड असतो, उथळ नंबर त्यात कायमचा भरून जातो. सँडब्लास्टिंग करणाऱ्याला बारीक दाणा आणि कमी दाब वापरायला सांगा. कोलंबस एसएलची नळी टोकांना 0.9 आणि मधे अवघी 0.6 मि.मी. असते. गेटच्या लोखंडाला लावतात तो जोर लावला तर ती पातळ होते. शेलच्या आणि डिरेलरच्या आट्यांत जुने कप आणि बोल्ट लावूनच फ्रेम द्या. टेप भट्टीत टिकत नाही.