गैरहजर माणसाची बाजू

प्रश्न : आमच्या गावातील महिला बचत गटाची मी सचिव आहे. अध्यक्षबाई लेकीच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेलेल्या असताना झालेल्या मासिक बैठकीत काही जणींनी असा विषय काढला की, कर्जाच्या हप्त्यांतील पैसा त्यांनी घरी वापरला. तेव्हापासून कापूस वेचताना, गिरणीवर, एसटीच्या थांब्यावर हेच बोलणे चालले आहे. मी ऐकते, बोलत नाही. मध्यंतरी पुतण्याने मोबाइलवर एक मजकूर पाठवला. त्यात ग्रीक तत्त्वज्ञ सॉक्रेटिस एका निंदकाला विचारतो की, तू सांगणार आहेस ते खरे आहे काय, चांगले आहे काय, उपयोगाचे आहे काय. आणि तीनही उत्तरे नकारार्थी आल्यावर त्याला गप्प बसवतो. ही गोष्ट खरी आहे काय? आणि पाठीमागे बोलूच नये म्हटले, तर हिशेब तरी कसा मागावा?
– एक वाचक भगिनी, ता. राळेगाव, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, सॉक्रेटिसविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते मुख्यतः प्लेटो आणि झेनोफन या त्याच्या शिष्यांच्या लेखनातून, आणि त्या लेखनात ही तीन प्रश्नांची गोष्ट नाही. तुमच्या अडचणीत तिचा फारसा उपयोगही नाही, कारण गटाच्या पैशाविषयीची शंका कानाला गोड लागत नाही म्हणून ती दाबून ठेवावी, असे कोणी शहाणा माणूस सांगणार नाही.

सॉक्रेटिसने या बाबतीत खरोखर काय भोगले, ते मात्र प्लेटोने नोंदवले आहे. इ.स.पू. ३९९ मध्ये अथेन्सच्या न्यायालयात उभा राहिलेला सत्तरीचा सॉक्रेटिस म्हणतो की, समोर बसलेल्या फिर्यादींपेक्षा त्याला जुन्या फिर्यादींची धास्ती अधिक आहे. हे लोक वर्षानुवर्षे, ऐकणारे अजून पोरवयाचे असताना, त्यांच्या कानांत त्याच्याविषयी काहीबाही भरत राहिले. त्यांतल्या बहुतेकांची नावेही कळत नाहीत, त्यांना समोर बोलावून उलटतपासणी घेता येत नाही, आणि आरोपीच्या वतीने बोलणारे कोणी नसताना खटला एकतर्फी चालून गेलेला असतो. तुमच्या अध्यक्षबाई गावी परततील तेव्हा, हिशेब चोख असो वा नसो, त्यांच्यापुढेही असाच आधीच निकाली निघालेला खटला उभा असेल.

या विषयावर सर्वांत नेमके विधान मला ग्रीक इतिहासकार हिरोडोटसच्या इतिहासात सापडते, आणि गंमत अशी की त्याने ते एका इराणी सरदाराच्या तोंडी घातले आहे. ग्रीसवर स्वारी करावी की नाही यावर इराणचा सम्राट झर्क्सिस याच्या दरबारात खल चालू असताना त्याचा सेनापती मार्डोनियस ग्रीकांना हिणवतो, तेव्हा सम्राटाचा चुलता आर्टाबेनस त्याला सुनावतो की, निंदेत अपराध करणारे दोघे असतात आणि अन्याय सोसणारा एक. समोर नसलेल्या माणसावर आरोप करणारा पहिला अपराधी होय, आणि खरेखोटे नीट कळण्यापूर्वीच त्यावर विश्वास ठेवणारा दुसरा. तेथे समोर नसलेला पक्ष खुद्द ग्रीकांचा होता! झर्क्सिसने स्वारी केलीच, आणि इ.स.पू. ४८० मध्ये सालामिसच्या सागरी लढाईत त्याच्या आरमाराची धूळधाण उडाली.

तुमच्या पत्रातील 'मी ऐकते, बोलत नाही' हे वाक्य मला म्हणूनच खटकले. तुम्ही सचिव आहात. दप्तर तुमच्याकडे असते, आणि ज्यांच्याकडे दप्तर आहे त्यांचे मौन बाकीच्या बायका होकार म्हणूनच धरतात. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने अलेक्झांडरविषयी लिहिले आहे की, देहदंडाच्या खटल्यांत फिर्यादी बोलत असताना तो एका कानावर हात ठेवी, म्हणजे तो कान आरोपीसाठी कोरा राहील. पुढचे वाक्य मात्र सहसा कोणी सांगत नाही : तक्रारींचा रतीब वाढत गेला तसा तो कठोर झाला, आणि पुष्कळ खऱ्या तक्रारींच्या आधाराने खोट्याही पटू लागल्या. गावात नेमके हेच घडते. एखादा जुना उशिरा भरलेला हप्ता खरा असतो आणि त्याच्या जोरावर नवी अफवा खपते.

हिशेब अवश्य मागा. अध्यक्षबाईंना फोन करून त्यांना येता येईल अशी बैठकीची तारीख ठरवा, त्या बैठकीत पासबुक आणि कर्जाची वही सर्वांसमोर उघडा, आणि जिला शंका आहे तिला ती तेथे विचारू द्या. इतिवृत्तात प्रश्न म्हणून जेवढे विचारले गेले तेवढेच लिहा. बँकेतून पैसे काढताना अध्यक्षांबरोबर तुमचीही सही लागत असेल, तर उत्तर देण्याची तयारी तुम्हीही ठेवावी. तोवर वेचणीच्या ओळीत विषय निघालाच, तर 'त्या आल्यावर त्यांच्यासमोरच विचारू' एवढे मोठ्याने म्हणणे तुमच्या हाती आहे. कोण काय बोलले याची यादी मात्र फोनवर अध्यक्षबाईंना देऊ नका, कारण मग त्या बायका गैरहजर होतात आणि चहाडी फक्त उलट दिशेने चालू लागते.

'लोकशाही आहे, बोलायला काय हरकत' असे कोणी म्हणेल. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने माणसांच्या स्वभावांची जी तीस शब्दचित्रे लिहिली, त्यांत निंदकाचेही आहे. बैठकीतून कोणी उठून गेले की हा गृहस्थ त्याच्याविषयी सुरू होतो, आणि या वाईट बोलण्याला स्पष्टवक्तेपणा, लोकशाही आणि स्वातंत्र्य अशी नावे देतो.

प्रश्न : मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये, असे आपल्याकडे तेरवीच्या पंगतीतही सांगतात. ग्रीकांत असे काही होते काय?
– एक निवृत्त शिक्षक, जि. बुलढाणा

उत्तर : होते. स्पार्टाचा चिलॉन, जो प्राचीन ग्रीसच्या सात शहाण्यांपैकी एक मानला जातो, त्याच्या नावावर हेच वचन आहे. अथेन्समध्ये तेथील कायदेकार सोलोनने त्याचा कायदाच केला. त्याच कायद्याने देवळात, न्यायालयात, सरकारी कचेरीत आणि उत्सवाच्या खेळांत जिवंत माणसाचीही निंदा करण्यास मनाई होती, आणि ती मोडणाऱ्याला पाच द्राख्मांचा (द्राख्मा हे ग्रीकांचे चलन) दंड होता. त्यांपैकी तीन ज्याची निंदा झाली त्याला आणि दोन सरकारी तिजोरीत. घरच्या ओसरीवर काय बोलावे, यात सोलोन पडला नाही. त्याचे कारण देताना प्लुटार्क म्हणतो की, राग कधीच न आवरणे हे असंस्कृतपणाचे लक्षण असले, तरी तो सर्वत्र आवरणे कठीण, काहींना तर अशक्यच असते. आणि कायदा करणाऱ्याला पुष्कळांना व्यर्थ शिक्षा करण्याऐवजी थोड्यांना उपयोगी शिक्षा करायची असेल, तर त्याने शक्य काय आहे ते पाहिले पाहिजे.