सोळाव्या वर्षी पोट कमी आणि दंड मोठे, दोन्ही एकदम जमतं का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: वय १६, अकरावी सायन्स, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ७० किलो. पोट आणि छाती सुटलेली, हात मात्र काड्या. दिवाळीपर्यंत दहा किलो उतरवायचेत आणि दंडही करायचेत. जिमवाला म्हणतो आधी कट (कमी खाऊन चरबी उतरवणं), मग बल्क (जादा खाऊन स्नायू वाढवणं). आई म्हणते वजनं उचललीस तर उंची खुंटेल. आणि तू सध्या रात्रीचं जेवण बंद करून रोज गोदापार्कला पळतोयस.

दोन्ही एकदम जमतं. तुझ्या वयात जितक्या सहज जमतं तितक्या सहज पुढे जमणार नाही. फक्त ते दहा किलो आधी डोक्यातून काढ.

मी डॉक्टर नाही. नाशिकमध्ये शाळा-कॉलेजच्या मुलामुलींना कबड्डी शिकवते. कबड्डीत किशोर गटाला ५५ किलोची अट असते, त्यामुळे वजन उतरवण्याचे सगळे अघोरी प्रकार दरवर्षी डोळ्यांसमोर होतात. पोरं दोन दिवस जेवत नाहीत, पाणी पीत नाहीत, भर दुपारी जॅकेट घालून पळतात. वजनाच्या वेळी काटा पास होतो आणि मॅटवर गेल्यावर पाय लटपटतात. दोन दिवसांत जे गेलं ते बहुतेक पाणी आणि स्नायूंतला साठवलेला पिष्टमय साठा. चरबी इतक्या घाईने जात नाही. आणि हेच उपाशी राहणं महिनाभर चाललं तर चरबीबरोबर स्नायूही जातात. मग वजन कमी, पोट तसंच, हात आणखी बारीक. तू आत्ता रात्री न जेवता त्याच वाटेवर आहेस.

‘आधी कट, मग बल्क’ हा हिशोब वर्षानुवर्षं वजनं उचललेल्या लोकांचा. त्यांचे स्नायू मर्यादेजवळ पोचलेले असतात, पाव किलो वाढवायलाही त्यांना जादा खावं लागतं. तू कोरी पाटी आहेस. ज्या स्नायूंनी कधी काम केलेलं नाही, ते थोड्याशा ताणानेही वाढायला लागतात. वयात येताना शरीरात टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) आपोआप वाढत असतं, तेही त्याच बाजूने जोर लावतं. रोजच्या खाण्यात थोडी तूट असेल तर लागणारी ऊर्जा शरीर साठलेल्या चरबीतून काढतं. अट एवढीच की प्रथिनं पुरेशी हवीत आणि स्नायूंना वाढायचं कारण मिळायला हवं.

कारण मिळतं ते वजन उचलून. पळण्याने मिळत नाही असं नाही, पण वेगळं मिळतं. आपल्याच जिल्ह्यातली दोन माणसं बघ. सावरपाड्याची कविता राऊत, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक; आणि तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयन. दोघांचीही मेहनत अफाट, पण एकीचं शरीर लांब पल्ल्याला हलकं राहिलेलं आणि दुसऱ्याच्या पाठीत, मांड्यांत ताकद भरलेली. शरीराकडे जे मागशील त्याचीच तयारी ते करतं. तुला दंड हवेत आणि तू रोज फक्त पळतोयस.

पळणं बंद करू नकोस. जागतिक आरोग्य संघटना तुझ्या वयाला रोज सरासरी तासभर दमवणारी हालचाल सांगते, त्यात आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणारा व्यायाम. म्हणून गोदापार्क दोन दिवस, रविवारी मित्रांबरोबर पांडवलेणीच्या पायऱ्या, आणि एक आड एक असे तीन दिवस ताकदीचे, पाऊण तासाचे. बैठका, जोर, काहीतरी स्वतःकडे ओढायचं (बारला लोंबकळून किंवा डंबेलने), कमरेतून पाठ सरळ ठेवून वाकून वजन उचलायचं, काहीतरी डोक्यावर ढकलायचं, शेवटी प्लँक (कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर शरीर सरळ धरून ठेवणं). जोर येत नसतील तर हात ओट्यावर टेकवून काढ, त्यात लाज नाही. प्रत्येकाचे दोन-तीन सेट, ८ ते १२ वेळा. थांबशील तेव्हा अजून दोन निघाली असती असं वाटायला हवं. १२ सहज व्हायला लागली की वजन थोडं वाढव. हे सगळं वहीत लिही, कारण उचलायचं वजन वाढत गेलं नाही तर तीन महिन्यांनीही तू तिथेच असशील. रोज शंभर क्रंचेस मारणारे पुष्कळ भेटतात. त्याने पोटाचे स्नायू दमतात, वरची चरबी तिथूनच जाते असं नाही. ती कुठून आधी जाईल हे शरीर ठरवतं, आणि पोट बहुतेक शेवटी.

आता जेवण. रात्रीचं जेवण आजपासून सुरू कर. ताकदीचा व्यायाम करणाऱ्या मुलाला शरीराच्या दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे तुला दिवसाला साधारण ८५ ते ११०. हा आकडा ऐकला की घरचे घाबरतात आणि जिमवाला डबा पुढे करतो. घरातच मोजून बघ. पावशेर, म्हणजे २५० मिली दुधात ८ ग्रॅम. शेंगदाण्यांची मोठी मूठ, सात-आठ. मोड आलेल्या मटकीची भरलेली वाटी (५० ग्रॅम कोरड्या मटकीची), ११ च्या आसपास. दोन वेळचं घट्ट वरण मिळून १३-१४. बाजरीच्या चार भाकऱ्यांत वीस-बावीस निघतात, हे कुणी धरतच नाही. वाटीभर दही, सहा. इथवर सत्तरीच्या जवळ आलास, अजून अंडं फोडलेलं नाही. तीन अंडी १८-१९ ग्रॅम; घरी चालत नसतील तर १०० ग्रॅम पनीर तेवढंच देतं, आणि ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या १५ देतात, त्याही स्वस्तात. सगळं एकाच ताटात नको, तीन-चार वेळांत वाटून घे. तुझी खरी अडचण बहुतेक सकाळची असणार: चहा-बिस्कीट खाऊन कॉलेज, मग क्लास, आणि पहिलं धड जेवण दुपारी तीनला.

तूट कुठून काढायची? पोळी-भातातून नाही. कॉलेज रोडच्या क्लासमधून सुटल्यावर जे होतं तिथून. एका वडापावात साधारण ३०० कॅलरी, २५० मिलीच्या कोल्ड्रिंकमध्ये शंभरेक आणि पाच-सहा चमचे साखर. दिवसाला २०० ते ३०० कॅलरींची तूट तुझ्या वयाला भरपूर झाली. हे दोन रोजचे सुटले की झालंच. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात, तेव्हा दिवसाला अडीचशेच्या तुटीने महिन्याला किलोभर चरबी जाईल. दहा किलोंचा हिशोब आता तूच कर.

मिसळ सोडायची गरज नाही, नाशिकला राहून ते जमणारही नाही. तिच्यातली मटकी तुझ्या बाजूची आहे. आठवड्यातून एकदा खा, तर्री बेताची घे, दुसऱ्यांदा शेव मागू नकोस आणि वर जिलबी नको. उपवासाचं मात्र मला सांगायचंच आहे, कारण माझ्याकडची मुलं ‘वजन उतरवायला’ एकादशी धरतात. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. त्यात बटाटा आणि तूप घालून तू व्रत करतोयस, वजन उतरवत नाहीयेस.

छातीबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, पण मुलांना सगळ्यात जास्त तीच बोचते. टी-शर्ट ओढत चालणारी, पोहायला न येणारी मुलं मी खूप बघितली आहेत. सगळी छाती चरबीची नसते. वयात येताना हार्मोनच्या चढउतारामुळे बऱ्याच मुलांच्या स्तनाग्राखाली बटणासारखी टणक, कधी दुखरी गाठ येते. ती ग्रंथीची वाढ असते आणि बहुतेकांची काही महिन्यांत ते दोनेक वर्षांत आपोआप उतरते. बोटांनी चाचपून बघ: सगळीकडे मऊच लागत असेल तर चरबी, मधोमध चकती लागत असेल तर ग्रंथी. ती बेंच प्रेसने जात नाही आणि उपाशी राहूनही जात नाही. फार दुखत असेल, एकाच बाजूला वाढत असेल, स्राव येत असेल किंवा बरेच महिने तशीच असेल तर डॉक्टरांना दाखव. आणि मान किंवा काख काळपट, मखमली झाली असेल तर तो मळ नाही. आईने कितीही घासलं तरी जाणार नाही, कारण ते इन्सुलिन नीट काम करत नसल्याचं लक्षण असू शकतं. मग रक्ततपासणी करून घे. तसंही एकदा बालरोगतज्ज्ञांकडून उंची-वजन भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१५ च्या तक्त्यावर लावून घे. मोठ्यांचा बीएमआय तुझ्या वयाला जसाच्या तसा लागू होत नाही.

आईंना सांग, वजनांनी उंची खुंटत नाही. हाडांच्या टोकांशी वाढीचा भाग असतो, त्याला इजा होते ती पडण्याने किंवा कुणी शिकवलेलं नसताना झेपणार नाही एवढं वजन एका झटक्यात उचलण्याने. म्हणून मित्रांसमोर ‘एकदा किती उचलतोस’चे खेळ नकोत. उंची खरोखर खुंटवणारी गोष्ट जिममध्ये वेगळीच मिळते: स्टेरॉइडचं इंजेक्शन. त्याने हाडांचा तो वाढीचा भाग वेळेआधी बंद होतो आणि शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं कमी करतं. कुणी ‘सायकल’ (म्हणजे स्टेरॉइडचा कोर्स) शब्द काढला तर ती जिम सोड, फी बुडाली तरी. फॅट बर्नरच्या गोळ्यांत मुख्यतः कॅफिन असतं; छाती धडधडते, झोप उडते, घेऊ नकोस. व्हे पावडर म्हणजे दुधातलं प्रथिन, विष नाही, पण वरचा हिशोब बघता त्या पैशांत महिन्याची अंडी येतील. क्रिएटिन (ताकदीसाठी विकली जाणारी दुसरी पावडर) १८ च्या आत नको.

झोप आठ ते दहा तास. अकरावीच्या क्लासेसमध्ये हे अवघड आहे, मला माहीत आहे, पण रील्स बाराला संपत असतील तर तिथला एक तास तुझाच आहे. कमी झोपलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते आणि ती वरणभाताची नसते.

दिवाळीपर्यंत काय दिसेल? काट्यावर कदाचित काहीच नाही. उंची अजून वाढत असेल आणि स्नायू चढत असतील तर ७० चे ७० राहूनही पोट उतरलेलं असेल. म्हणून काटा महिन्यातून एकदाच बघ. दर पंधरा दिवसांनी, सकाळी, काही न खाता, शिंप्याच्या टेपने बेंबीवरून कंबर आणि ताठ न करता दंड मोज आणि त्याच वहीत लिही. कंबर कमी होत असेल आणि जोर वाढत असतील तर काहीही बदलू नकोस. दोन महिने कंबर जागची हलली नाही तर आकडे इथे लिही, दिवसभराचं खाणंही लिही, वडापावासकट.